माफ करण्याचा अधिकार कोणाचा?

अपघातानंतर पहिल्या आठवड्यात, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अल्लाहची मर्जी होती, आम्ही माफ केले.’ वाक्य उच्चारणाऱ्याचे डोळे भरलेले असतात. भोवतालची माणसे माना डोलवतात, कुणी त्याच्या सब्राची वाखाणणी करतो. त्या वाक्यात ईमान आहे यात शंका नाही आणि त्याची थट्टा करण्याचे धाडस कोणी करू नये. तरीही त्यातील ‘आम्ही’ या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. आत पडलेला तरुण बेशुद्ध आहे. कवटीला तडा गेला आहे, मेंदूत रक्तस्राव झाला आहे. इजा त्याच्या देहाला झाली आणि पुढील तीस-चाळीस वर्षे ती त्यालाच भोगायची आहे. मग बाहेर उभ्या असलेल्या ‘आम्ही’ने नेमके काय माफ केले? आणि कोणत्या अधिकाराने?

हा प्रश्न कायद्याचा वाटतो, पण मुळात तो दीनचा आहे. बहुतेक कुटुंबे न्यायालयाची पायरी चढत नाहीत ती आळसामुळे नव्हे. आपण भरपाई मागितली तर तकदीरवर नाराजी दाखवल्यासारखे होईल, मुलाच्या रक्तामांसाचे पैसे घेतल्यासारखे होईल, अशी भीती त्यांच्या मनात असते. ही भीती कुरआनच्या कसोटीवर तपासून पाहू.

सूरह अन्-निसाची ९२ वी आयत चुकून झालेल्या हत्येविषयी आहे. तेथे मारणाऱ्याचा हेतू वाईट नाही, वैर नाही. आजच्या भाषेत ज्याला आपण अपघात म्हणू, तेच ते. अशा ठिकाणी अल्लाहने काय ठरवले? जे घडले ते माझ्या इच्छेने घडले, तेव्हा सर्वांनी गप्प बसावे, असे सांगितले नाही. मृताच्या घरच्यांना दिय्यत पोहोचवली जावी, असा आदेश दिला. तकदीर ज्याच्या हाती आहे त्यानेच भरपाईचा नियम घालून दिला आहे. तेव्हा भरपाई मागणे म्हणजे तकदीर नाकारणे, हे म्हणणे टिकत नाही. सब्राचा संबंध अल्लाहच्या निर्णयाशी आहे आणि भरपाईचा संबंध माणसाच्या निष्काळजीपणाशी. दोन्ही एकाच हृदयात सुखाने राहू शकतात.

त्याच आयतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपण घाईत ओलांडून जातो. मृताच्या वारसांनी दिय्यत सदका म्हणून सोडून दिली तर ती माफ होते, असेही तेथे म्हटले आहे. ‘आम्ही माफ केले’ म्हणणारे अनेकदा नकळत याच सवलतीचा आधार घेत असतात. परंतु ती सवलत मृत्यूच्या प्रसंगी आहे. माणूस गेला की त्याचा हक्क वारसांकडे येतो. ते त्याचे मालक होतात, म्हणून त्यांना तो सोडता येतो. येथे माणूस गेलेला नाही. तो श्वास घेतो आहे. त्याचे वडील, भाऊ, चुलते हे अद्याप त्याचे वारस झालेलेच नाहीत. जे आपल्या मालकीचे नाही ते दान करता येत नाही, मग दानाची भावना कितीही निर्मळ असो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांची इजा इतर इजांपेक्षा वेगळी का, हेही समजून घ्यावे लागते. मोडलेले हाड जुळते. मज्जारज्जू तुटला तर त्याखालचे शरीर सहसा परत येत नाही. पाय तर जातातच, शिवाय लघवी-शौचावरचा ताबा जातो, अंथरुणाला खिळल्याने पाठीवर जखमा होतात, मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा उलटतो. मेंदूची इजा तर अधिक फसवी. मुलगा घरी येतो, चालू लागतो, जुम्याला मशिदीत येऊन सर्वांना सलाम करतो. लोक म्हणतात, अल्हम्दुलिल्लाह, बरा झाला. पण दुकानात पन्नासची नोट दिली तर किती परत घ्यायचे ते त्याला कळत नाही. कालची गोष्ट आज आठवत नाही. पूर्वी शांत असलेला माणूस क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. आपल्यात काही बदल झाला आहे हे त्याला स्वतःला पुष्कळदा जाणवतही नाही. ही इजा क्ष-किरणात दिसत नाही, जमातीच्या बैठकीत दिसत नाही. ती दिसते फक्त त्याच्या पत्नीला आणि आईला.

आपल्या फुकहांना ही बाब अपरिचित नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी यमनच्या लोकांसाठी हजरत अम्र बिन हज्म (रजि.) यांच्याकडे जे पत्र दिले, त्यात पाठीच्या कण्यासाठी पूर्ण दिय्यत, म्हणजे एका जिवाइतकी भरपाई, नमूद आहे. (या पत्राच्या सनदीवर हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे, परंतु फिकहच्या इमामांनी ते आधार म्हणून स्वीकारले.) अक्कल नष्ट झाली तर तिचीही पूर्ण दिय्यत. ‘हिदाया’ हा ग्रंथ आमच्या मदरशांतील प्रत्येक विद्यार्थी वाचतो. त्यात हजरत उमर (रजि.) यांचा एक निवाडा येतो. एकाच आघाताने एका माणसाच्या अकलेसह चार शक्ती गेल्या, तेव्हा माणूस जिवंत असूनही त्यांनी चार दिय्यती ठरवल्या. विद्यार्थिदशेत हा निवाडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. इमामतीला लागल्यावर, खाटेवर वर्षानुवर्षे पडून असलेली माणसे जवळून पाहिल्यावर, त्यातील हिशेब उमगला. मेलेल्या माणसाचा खर्च थांबतो. अक्कल, वाचा आणि हालचाल गमावून जगणाऱ्याचा खर्च दररोज सकाळी नव्याने सुरू होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याच ‘हिदाया’त एक मसला आहे. ज्याची अक्कल शाबूत नाही अशा माणसाचा हात कोणी मुद्दाम तोडला, तर त्याच्या वडिलांना काय काय करता येईल? ते बदल्याची मागणी करू शकतात, भरपाईवर समेट करू शकतात. परंतु त्यांना माफ करता येत नाही. कारण स्पष्ट दिले आहे : माफ करणे म्हणजे त्या असहाय माणसाचा हक्क बुडवणे. मुद्दाम केलेल्या गुन्ह्याची ही स्थिती असेल, तर निष्काळजीपणाने झालेल्या इजेत, जेथे हक्क केवळ मालाचाच आहे, वलीला तो फुकट सोडण्याचा अधिकार कोठून येणार? आपल्या राज्यात घाटावर बहुतेक हनफी आहेत आणि कोकणात शाफई. अनेक मसल्यांत दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. परंतु वलीने आपल्या आश्रिताचा माल दान करून टाकू नये, याबद्दल दोन्हीकडे दुमत नाही.

सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत, कर्जाच्या लेखनाविषयी सांगताना, ज्याला समज नाही, जो दुर्बल आहे किंवा ज्याला स्वतः मजकूर सांगता येत नाही, त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने मजकूर सांगावा, असा आदेश आहे. वली हा त्याचा आवाज आहे. आवाजाने गप्प राहण्याला सब्र म्हणता येत नाही.

मी दिय्यत आणि भारतीय कायद्यातील नुकसानभरपाई एकच आहेत असे म्हणत नाही. रक्कम ठरवण्याची रीत वेगळी, देणारे वेगळे. पण हानी करणाऱ्यावर तिचा भार पडतो, हे तत्त्व दोन्हीकडे आहे. ज्या जखमांची रक्कम शरिअतने निश्चित केली नाही तेथे जाणकारांनी न्याय्य अंदाज करावा, असे फुकहा सांगतात. त्याला ‘हुकूमते अद्ल’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील एका निकालात असेच बारकावे आढळतात. डावा हात गेलेला माणूस सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तोच सरकारी कचेरीतील कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली टक्केवारी हीच कमाईच्या हानीची टक्केवारी समजू नये, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

व्यवहारात मात्र या सगळ्यावर एक स्टॅम्प पेपर पाणी फिरवतो. गाडीमालकाकडून दोन-तीन वजनदार माणसे येतात. पुष्कळदा तेही आपल्याच जमातीचे असतात. ‘कोर्टात वर्षे जातील, रुग्णालयाचे बिल आज भरायचे आहे, लाख-दीड लाख घ्या, प्रकरण मिटवा.’ घाबरलेले वडील सही करतात. साक्षीदार म्हणून इमामसाहेबांना बोलावले जाते, म्हणजे कागदाला दीनचेही वजन येते. अशा कागदावर सही करण्यास मी नकार देतो, आणि इतर इमाम बंधूंनाही तेच सांगेन. समेट चांगला आहे, कुरआनने त्याची प्रशंसा केली आहे. पण समेटासाठी दोन पक्ष लागतात आणि येथे एक पक्ष कृत्रिम श्वासावर आहे. त्याचा मेंदू किती सावरेल हे डॉक्टरांनाही काही महिने सांगता येत नाही. असे असताना दहाव्या दिवशी त्याच्या आयुष्याची किंमत ठरवणारे आपण कोण? बिलाची निकड खरी आहे. त्यासाठी जमातीने हात पुढे करावा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही लागू आहे. तीनुसार रस्ते अपघातातील जखमीला, योजनेत समाविष्ट रुग्णालयांत, सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. निकड भागवण्यासाठी हक्क विकावा लागू नये.

मज्जारज्जूच्या रुग्णाबाबत एक वेगळी चूक होते. त्याची कंबर गेली आहे, अक्कल नाही. तो सगळे ऐकतो, समजतो. तरी चाकाच्या खुर्चीच्या डोक्यावरून घरातले आपापसांत बोलतात, दावा करायचा की नाही ते ठरवतात, आणि तो लहान मूल असल्यासारखा त्याला निर्णय कळवतात. सज्ञान, समजदार माणसावर कोणाचीही विलायत नाही. दावा करायचा तर तो करील, माफ करायचे तर तोच करील. त्याने माफ केले तर सूरह अल्-माइदाच्या ४५ व्या आयतीनुसार ते त्याच्या पापांचे परिमार्जन ठरेल. तेथे आपल्याला बोलण्याचे कारण नाही. एवढेच की, काय माफ करतो आहोत हे त्याला माहीत असावे. शाफई फिकहमध्ये अज्ञात हक्क सोडून देणे ग्राह्य धरले जात नाही, हनफी ते ग्राह्य धरतात. परंतु पाय परत येणार नाहीत हेच ज्याला अद्याप कोणी सांगितलेले नाही, त्याच्याकडून उदारपणा वदवून घेणे कोणत्याही मजहबमध्ये शोभणारे नाही.

‘पण तो ड्रायव्हरही गरीब आहे, त्याचीही मुले आहेत,’ असा आक्षेप येतो. आक्षेप दयेपोटी आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा असणे सक्तीचे आहे. विमा चालू असेल तर रक्कम सामान्यतः विमा कंपनी भरते, ड्रायव्हरची झोपडी विकली जात नाही. जखमी माणसाने त्या कंपनीशी कोणताही करार केलेला नाही, त्यामुळे विम्याच्या कराराबद्दल उलमांचे जे आक्षेप आहेत ते त्याला लागू होत नाहीत. त्याचे येणे गाडीमालकाकडे आहे आणि मालकाच्या वतीने दुसरा ते चुकवतो. चुकून झालेल्या हत्येची दिय्यत एकट्या गुन्हेगारावर न टाकता त्याच्या ‘आकिला’वर, म्हणजे भाऊबंदांच्या गटावर, विभागली जात असे. विमा म्हणजे आकिला नव्हे, परंतु ओझे एकट्याने उचलू नये हा विचार आपल्याला परका नाही. ड्रायव्हरबद्दल मनात राग ठेवू नका, त्याला शिव्याशाप देऊ नका, त्याच्या मुलांशी बोला. हे सारे दावा चालू असतानाही करता येते. विमाच नसेल आणि समोरचा खरोखर कंगाल असेल, तर प्रश्न अवघड होतो. तेथे सवलत, मुदत, हप्ते यांचा विचार वलीने करावा. सूरह अल्-बकराची २८० वी आयत अडचणीतील कर्जदाराला मुदत देण्यास सांगतेच.

आता थोडे व्यवहाराचे. रस्ते अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, अधिनियमाच्या कलम १६६ खाली चालतो. अपघात मुंबई-पुणे रस्त्यावर झाला आणि कुटुंब लातूरचे असेल, तर दावा लातुरात दाखल करता येतो. दूरच्या शहरात हेलपाटे घालावे लागतील या भीतीने अनेक जण उगाच माघार घेतात. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, म्हणून मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारल्याखेरीज आशा सोडू नये. पण मुळात ती उलटू देऊ नये. आपल्या घरांत सहा महिने तर दुआ-ताविजांतच जातात. चूक कोणाची हे सिद्ध न करताही, कलम १६४ खाली, गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. ठोकर देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर इजेला ५० हजार रुपयांची तरतूद आहे. मणका मोडलेल्या माणसासाठी ती थट्टा वाटावी इतकी थोडी आहे, तरीही ती त्याचीच आहे.

आपले कितीतरी तरुण बांधकामावर आहेत. परांचीवरून किंवा स्लॅबवरून पडून मणका मोडण्याचे प्रसंग रस्त्यापेक्षा कमी नाहीत. त्यांच्यासाठीही कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ठेकेदार पळून गेला तर ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाकडेही मागणी करता येते.

आणि वकील? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, दिव्यांग व्यक्ती आणि कारखान्यातील कामगार यांना, तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. स्टॅम्पची गरज नाही, साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. तरीही लोक रुग्णालयाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या दलालाच्या हाती प्रकरण देतात आणि मिळेल त्यातील तिसरा हिस्सा लिहून देतात. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे, हे वकिलांच्या आचारसंहितेत मुळातच निषिद्ध आहे. मुलाच्या औषधांतला तिसरा हिस्सा दलालाला देणारा वली आपली जबाबदारी पार पाडतो आहे, असे मला वाटत नाही.

कागद जपा : प्रथम खबर अहवाल, रुग्णालयाचा सुटीचा कागद, प्रत्येक औषधाचे बिल, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. मेंदूच्या रुग्णाबाबत स्मरण, हिशेब, स्वभाव यांतील बदल डॉक्टरांना मुद्दाम सांगा आणि नोंदवून घ्या. न्यायाधीशांपुढे तो पाच मिनिटे उभा राहील आणि सलाम करून हसेल. कागदावर नसलेले त्यांना दिसणार कसे? सर्वोच्च न्यायालयापुढे २०२० मध्ये आलेल्या एका प्रकरणात बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला इतकी इजा झाली होती की तिची समज काही महिन्यांच्या बाळाएवढी उरली. न्यायालयाने तिच्यासाठी दोन सेवेकऱ्यांचा खर्च ठोक रकमेने न देता आयुष्यभराच्या हिशेबाने मोजला आणि एकूण ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. तो दावा आई-वडिलांनी शेवटपर्यंत नेला नसता, तर तो हिशेब कोणी मांडलाच नसता.

येथे दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे, आणि तो मला अधिक भीतीदायक वाटतो. हक्क मागताना खोटे शिरते. मोटारसायकल विनापरवाना मुलगा स्वतः चालवत होता, पण जबाबात मित्राचे नाव घातले जाते. विमा नसलेल्या गाडीऐवजी विमा असलेली गाडी कागदावर आणली जाते. न पाहिलेला साक्षीदार उभा केला जातो. ‘कंपनीचेच तर पैसे आहेत,’ असे समर्थन होते. उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) बजावले आहे की, एखादा आपल्या वाक्चातुर्याने माझ्याकडून दुसऱ्याचा हक्क मिळवील, तर मी त्याला आगीचा तुकडाच दिलेला असेल. प्रेषितांच्या निवाड्यानेही जे हलाल होत नाही, ते न्यायाधिकरणाच्या शिक्क्याने कसे होईल? मुलाचीही चूक असेल तर ती सांगावी. न्यायालय त्या प्रमाणात रक्कम कमी करते, सगळा दावा बुडत नाही. सूरह अन्-निसाची १३५ वी आयत स्वतःच्या आणि जवळच्यांच्या विरोधातही खरी साक्ष द्यायला सांगते, ती असल्याच प्रसंगांसाठी.

रक्कम हाती आली की अमानतीचा दुसरा भाग सुरू होतो, आणि पुष्कळ घरे येथेच घसरतात. पैसे जखमीचे असतात. पण घराला दोन खोल्या चढतात, बहिणीचे लग्न होते, भावाची रिक्षा येते. तीन वर्षांनी जखमीच्या गादीसाठी घरात पैसे नसतात. सूरह अन्-निसाच्या पाचव्या आयतीत, ज्यांना समज नाही त्यांच्या हाती माल देऊ नका, त्यांच्या खाण्याची आणि कपड्याची सोय करा, असे सांगितले आहे. तेथे एक अव्यय लक्षात घेण्याजोगे आहे. ‘मालातून’ खाऊ घाला असे न म्हणता ‘मालामध्ये’ खाऊ घाला अशी शब्दयोजना आहे. तफसीरकारांनी यावरून अर्थ काढला की, मूळ रक्कम खाऊन संपवू नका, ती व्यवहारात लावा आणि तिच्या उत्पन्नातून त्यांचा खर्च चालवा. एका अव्ययात अंथरुणावरच्या माणसाची सारी वर्षे सामावली आहेत. सहावी आयत अनाथांच्या पालकांना सांगते की, जो सुखवस्तू आहे त्याने त्या मालाला हात लावू नये आणि जो गरीब आहे त्याने रास्त तेवढेच घ्यावे. दिवसरात्र सेवेसाठी काम सोडून बसलेल्या आईने किंवा पत्नीने त्यातून रास्त खर्च घेतला, तर कोणी भुवया उंचावू नयेत.

न्यायाधिकरण अज्ञान किंवा असमर्थ व्यक्तीची रक्कम सहसा बँकेत मुदत ठेवीत ठेवते. रक्कम उधळली जाऊ नये हा हेतू, म्हणजे आयतीचाच हेतू. पण त्यावर व्याज येते आणि मंजूर रकमेवरही अर्जाच्या तारखेपासून व्याज लावले जाते. आपल्या घरांची खरी घालमेल येथे होते. याबाबत उलमांची मते भिन्न आहेत. काही जण विलंबाच्या व्याजाला हानीचीच भरपाई मानतात, काही त्याला व्याजच मानून सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकायला सांगतात. आपल्या विश्वासातील मुफ्तीसाहेबांना रक्कम येण्यापूर्वीच विचारून ठेवावे. मला स्वतःला योग्य वाटणारा मार्ग असा की, वकिलामार्फत न्यायाधिकरणाकडे अर्ज करून जखमीच्याच नावे गाळा किंवा भाड्याने देता येईल अशी खोली घेण्याची परवानगी मागावी, म्हणजे भाड्यातून त्याचा खर्च चालेल. मात्र व्याजाच्या शंकेपोटी सगळा दावाच सोडून देणे म्हणजे आपल्या परहेजगारीची किंमत दुसऱ्याच्या खिशातून चुकवणे होय.

वली कोण, यावरूनही घरे फुटतात. समज गमावलेल्या माणसाच्या वतीने दावा चालवण्यासाठी न्यायालय वादमित्राला परवानगी देते. पती कोमात असेल तर त्याच्या बँक खात्यासाठी, मालमत्तेसाठी उच्च न्यायालयात जावे लागते आणि मुंबई उच्च न्यायालयाने पत्नीला अशा पतीची पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. लगेच दीर म्हणतात, बाईमाणसाच्या हाती एवढी रक्कम? शरिअतमध्ये हे बसते का? हजरत उमर (रजि.) यांनी खैबरमधील आपल्या वक्फची देखरेख आपली कन्या, उम्मुल मोमिनीन हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवली होती. अबू दाऊदमध्ये तो दस्तऐवज नोंदलेला आहे. वडील विश्वासू असतील तर फिकहनुसार पहिला मान त्यांचाच. परंतु मान त्यांचा आणि बेडपॅन तिच्या हाती, अशी वाटणी जेथे आहे तेथे काझीने, म्हणजे आज न्यायालयाने, कोणाकडे पाहावे हे सांगायला मोठी विद्वत्ता लागत नाही.

पाचव्या आयतीचा शेवट मालाविषयी नाही. खाऊ घाला, कपडे द्या, एवढे सांगून झाल्यावर तेथे त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलण्याची आज्ञा आहे. तफसीरमध्ये याचा एक अर्थ असा दिला आहे की, माल तुझाच आहे, तुझ्यासाठीच सांभाळून ठेवला आहे, असे त्याला सांगत राहावे. मेंदूला मार लागलेला माणूस हाच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारतो : माझे पैसे कुठे आहेत? घरातले वैतागतात, ओरडतात, कधी त्याच्यासमोरच हसतात. त्याला एकविसाव्यांदाही नीट उत्तर देता यावे, यासाठी रक्कम खरोखर जागेवर असावी लागते, आणि खर्चाची वही त्याच्या उशाशी.